निव्वळ वजन

रात्री बाराला तिचा अल्बम आला.
मी काट्यावर होतो. रायपूरकडचा ट्रक
भंगार भरून प्लेटवर उभा, बत्तीस टन चारशे,
ड्रायव्हर म्हणतोय, पावती फाडा की साहेब, झोप यायली.
फाडली.
मग उजव्या कानात बोंड घातलं.
डावं मागच्या महिन्यात कंपनीच्या कुत्र्यानं खाल्लं.

आठ गाणी, एकतीस मिनिटं.
वर तिचा पाठमोरा फोटो आणि नुसतं नाव: उत्पला.
साळवे नाही. जालना नाही.
नऊ वर्षं पोस्टरवर आम्ही जोडून असायचो,
उत्पला आणि मुनीर, मध्ये पेंटरनं काढलेलं बदाम,
ज्याच्यापायी तिच्या बापानं आणि माझ्या अम्मीनं
एकाच हप्त्यात, एकमेकांना न विचारता, जेवण सोडलं होतं.
आमच्यात तसलं काही नव्हतं.
पेंटरकडं लाल रंग उरला होता.

पहिलं गाणं चांगलंय. ढोल कॉम्प्युटरचा,
त्याला घाम येत नाही, चहा लागत नाही.
दुसऱ्यात ती तीनदा नुसतीच 'ओह' म्हणते.
बदनापूरच्या हळदीत असं म्हणलो असतो
तर लोकांनी डॉक्टर बोलावला असता.

तिसऱ्याच्या सुरुवातीला पाणी.
ड्रम भरताना सूर चढत जातो
आणि काठाशी बारीक होऊन थांबतो, तसं.
मागं नेऊन पुन्हा ऐकलं. मध्येच एक बाई ओरडते,
"नळी धर, मेल्या, नळी!"
ती माझी अम्मी आहे.
दोन वर्षांमागं उत्पलाचा मेसेज आलता,
नळाला पाणी आलं की आवाज पाठव.
अकराव्या दिवशी आलं, पहाटे चारला. पाठवला.
तिनं अंगठा दाखवला. मला वाटलं, विषय संपला.
आता अम्मी देशभर ओरडायली,
आणि तिला सांगावं तर ती आधी विचारणार,
पैसे किती दिले.

चौथं माझं.
मोंढ्यामागच्या खोलीत, भिंतींना सरकीच्या गोण्या ठोकून,
मे महिन्यात पंखा बंद ठेवून बसवलेलं.
रेकॉर्डिंग सुरू झालं की ती घाम पुसायची नाही,
बांगडी वाजेल म्हणून.
खाली लिहिलंय, चाल: पारंपरिक.
म्हणजे मी एकोणचाळिसाव्या वर्षीच
पूर्वज झालो.
तोंडात शिवी आली. दिली पण. काट्यावर कोण ऐकतंय.

मग अंतऱ्यानंतरची ती जागा आली
जिथं माझा आवाज तिच्या खालून निघायचा.
बासरी घालता आली असती तिथं, एखादं मुंबईचं पोरगं.
काहीच नाही घातलं.
साडेचार सेकंद. कॉम्प्युटरचा ढोलसुद्धा गप्प.
फक्त ती, श्वास घेऊन थांबलेली,
टमटममध्ये कुणी अजून चढायचं असलं की
बायका सरकून बसतात, तशी.

ट्रक भरून येतो, तोलतो. खाली करून येतो, पुन्हा तोलतो.
वजाबाकीला आम्ही निव्वळ म्हणतो, पैसे त्याचेच.
पण रिकाम्याचं वजन घेतल्याबिगर
निव्वळ निघत नाही. हे नव्या मॅनेजरला
दर महिन्याला समजावून सांगावं लागतं.

दोन वाजता प्लेट मोकळी होती.
जाऊन उभा राहिलो. काटा वीस-वीस किलोनंच मोजतो,
खिडकीतल्या लाल आकड्यांत मी साठ.
चौथं पुन्हा लावलं. जागा आली.
गायलो. गुटख्यानं आवाज बसलाय,
तरी खालचा सूर लागला.
साठाचे ऐंशी काही झाले नाहीत.
लिंबाखाली झोपलेला ड्रायव्हर उठून बसला,
म्हणाला, माझं नाव पुकारलं का?

पाचवं-सहावं बरी आहेत.
सातवं-आठवं अजून ऐकलं नाही.
पहाटे आमच्या गल्लीत नळ यायचाय.